गुंठा, चौकोन आणि बांधावरचा ऊस



ऊसनोंदीचे काम आता वहीतून मोबाइलवर आले आहे. चिटबॉय बांधाने फिरतो, कोपऱ्याकोपऱ्यावर थांबतो आणि प्लॉटची हद्द यंत्रात उतरते. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून देशातील ऊसक्षेत्राचा अंदाज 'इस्मा' ही साखर उत्पादकांची संघटना बरीच वर्षे जाहीर करीत आली आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर सोसल्यावर पूरपट्ट्यातले सभासदही बोलून दाखवतात, की कोणत्या शिवारात किती पाणी चढेल आणि किती दिवस उभे राहील, याचे गणित संगणकावर आधीच मांडून ठेवावे. मागणी रास्त आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. पण बंधाऱ्यावर ४३ फूट झाले म्हणजे माझ्या गटात गुडघाभर की पुरुषभर, हे कोण सांगणार? ते सांगायला गणितच लागते.

तेव्हा हा लेख त्या गणिताच्या विरोधात नाही. मात्र त्या गणितात आपली शेते घालतात कशी, हे सभासदांनी समजून घ्यावे असे मला वाटते. लहान सभासदाचे नुकसान व्हायचे असेल तर ते तिथेच होईल, आणि कोणाच्या वाईट हेतूशिवाय होईल.

आपल्या शेताची हद्द म्हणजे कोपरे जोडणारी एक बंद रेषा. संगणकवाले तिला 'पॉलिगॉन' म्हणतात. ती वाकडी असो, तिला सात कोपरे असोत, ती जशी आहे तशी राहते. पण पुराचे किंवा पीकवाढीचे गणित अशा वाकड्यातिकड्या आकारांवर चालवणे जड जाते. म्हणून सगळ्या कार्यक्षेत्रावर आलेखाच्या कागदासारखी सारख्या चौकोनांची जाळी पसरतात. प्रत्येक चौकोनाला एकच उंची, एकच पीक, एकच गट नंबर. यालाच 'रास्टर' म्हणतात. हद्दीवरून जाळी तयार करायची म्हणजे प्रत्येक चौकोनाला विचारायचे, 'तू कोणाचा?' चौकोन पूर्ण एकाच्या शेतात असेल तर प्रश्न नाही. पण बांध चौकोनाच्या मधून गेला असेल तर काय करायचे? आपल्याकडे बांध कोरण्यावरून कोर्टकचेऱ्या होतात. इथे एका चौकोनात तीन भावांचे बांध येतात आणि निकाल क्षणात लागतो, तोही एका ठरावीक नियमाने. तो नियम कोणता, हे बहुतेक वेळा नकाशावर लिहिलेलेही नसते.

आता चौकोन केवढा? युरोपचे 'सेंटिनेल-२' हे उपग्रह २०१५ पासून आकाशात आहेत आणि त्यांची छायाचित्रे फुकट मिळतात. त्यांचा बारीकात बारीक चौकोन १० मीटर लांब, १० मीटर रुंद. म्हणजे बरोबर एक आर. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, म्हणजे दहा मीटर आणि सहा सेंटिमीटर. उपग्रहाचा चौकोन म्हणजे जवळजवळ आपला गुंठाच! बापजाद्यांनी ३३ फुटांच्या साखळीने मोजलेली जमीन आता आकाशातून त्याच मापाने मोजली जाते, ही गंमतच म्हणायची. अमेरिकेच्या 'लँडसॅट'चा चौकोन ३० मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा. पुराच्या गणितात जमिनीची उंचीही पुष्कळदा ३० मीटरच्या चौकोनावरच मिळते.

एक एकराचा चौरस प्लॉट घ्या. बाजू साधारण ६३ मीटर. १० मीटरच्या जाळीत त्याचे ४० चौकोन व्हायला हवेत. पण पूर्णपणे आतले, शेजाऱ्याचा स्पर्श नसलेले चौकोन किती? जाळी कशी पडते त्यावर २५ ते ३६. बाकीचे सगळे बांधावरचे. जाळी ३० मीटरची असेल तर एका एकरात पुरा आत बसणारा चौकोन बहुधा एकच सापडतो. आणि हा झाला एकराचा चौरस तुकडा. असे चौरस तुकडे आता राहिलेत किती?

वाटण्या झाल्या तशा प्रत्येकाला पाटाचे पाणी आणि रस्ता मिळावा म्हणून आपण शेते उभी चिरली. लांब आणि अरुंद पट्ट्या झाल्या. समजा, एका सभासदाची पट्टी ११ मीटर रुंद आणि १८४ मीटर लांब आहे. क्षेत्र २० आर, म्हणजे अर्धा एकर. हाच सभासद तीन नियमांनी जाळीत घालून पाहू. पट्टी जाळीला समांतर आहे असे धरू, म्हणजे हिशेब बोटावर होतो.

पहिला नियम मध्यबिंदूचा: चौकोनाचा मध्य ज्याच्या हद्दीत, चौकोन त्याचा. सर्वांत जास्त चालणारा नियम हाच. 'जीडॅल' नावाचे फुकट साधन जगभर वापरतात, त्यातही सांगितल्याशिवाय हाच लागू होतो. १० मीटरच्या जाळीत आपल्या पट्टीला दहापैकी नऊ वेळा चौकोनांची एकच ओळ मिळते, म्हणजे सुमारे १८ आर. आणि दहातून एकदा दोन ओळी मिळतात, म्हणजे ३६ आर. ३० मीटरच्या जाळीत मात्र खेळ वेगळा. तीनांत जेमतेम एकदा पट्टीवर मध्यबिंदू पडतो आणि २० आरांचे एकदम ५४ आर होतात. उरलेल्या वेळी मध्यबिंदू शेजाऱ्याकडे जातात आणि ही पट्टी नकाशावरून पुसली जाते. शून्य आर!

दुसरा नियम बहुमताचा: चौकोनात ज्याचा भाग निम्म्याहून जास्त, चौकोन त्याचा. ऐकायला न्याय्य वाटतो. पण ३० मीटरच्या चौकोनात ११ मीटरची पट्टी फार तर ३७ टक्के भरते. तिला बहुमत कधीच मिळणार नाही, जाळी कशीही सरकवा. इथे दैवाचाही प्रश्न उरला नाही. अरुंद पट्टीचा सभासद कायमचा बाद! दोन्ही बाजूंना ऊसच असेल तर निदान उसाचा आकडा बरोबर येईल, फक्त तो दुसऱ्याच्या नावावर जाईल. बाजूंना सोयाबीन असेल तर ऊसच नाहीसा होईल.

तिसरा नियम स्पर्शाचा: ज्या चौकोनाला हद्द शिवली तो चौकोन आपला. यात कोणी गळत नाही, पण फुगतात सगळे. १० मीटरच्या जाळीतही आपल्या २० आरांचे ३८ आर होतात. शिवाय एकाच चौकोनावर दोघांचा हक्क आला की ज्याचे नाव यादीत शेवटी, तो आधीच्याला पुसून बसतो. म्हणजे गट नंबरच्या क्रमावर मालकी ठरली!

आता संगणकवाले म्हणतील, 'अहो, मध्यबिंदूच्या नियमात एकाचे जास्त, दुसऱ्याचे कमी, बेरीज बरोबर येते.' हे खरे आहे आणि मी ते मान्य करतो. वरच्याच उदाहरणात नऊ वेळा १८ आणि एकदा ३६, सरासरी २० च येते. दहा हजार प्लॉटांची बेरीज केली तर चुका एकमेकींना खातात. म्हणून कारखान्याला एकूण किती ऊस येईल, हंगाम किती दिवस चालेल, तोडणीच्या टोळ्या किती लागतील, यासाठी जाळीचा आकडा बिनधास्त घ्यावा. पण सभासदाला मिळणारे बिल सरासरीचे नसते. नोंद त्याच्या नावाची, तोडणीची तारीख त्याच्या प्लॉटची, आणि नुकसानही त्याचे एकट्याचे. शेजाऱ्याच्या नावावर दुप्पट क्षेत्र लागले म्हणून माझ्या शून्याची भरपाई होत नाही. सहकारात आपण एका सभासदाला एक मत दिले, मग त्याचा ऊस दहा एकर असो की दहा गुंठे. बहुमताच्या चौकोनात ज्याचे क्षेत्र मोठे त्याला सगळी मते जातात. हा नियम संगणकात सोयीचा म्हणून आपण तो डोळे झाकून घ्यायचा काय?

पुराच्या गणितात तर हद्दीच्या चुकीबरोबर उंचीची चूकही येते. पाणी चौकोनातून चौकोनात जाते. शेजारच्या दोन चौकोनांतील पाण्याची पातळी पाहायची, थोडे पाणी इकडून तिकडे सारायचे, काही सेकंद पुढे जायचे, पुन्हा तेच. उभ्या उसात पाणी अडखळते आणि तुटलेल्या रानातून सरळ धावते, म्हणून चौकोनात पीक कोणते हेही विचारावे लागते. फुकट मिळणारी उंची पुष्कळदा फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानातून रडारने मोजलेली असते. ती पूर्ण मीटरमध्ये दिलेली आणि तिच्यात काही मीटरची चूक असू शकते. फेब्रुवारी म्हणजे आपला ऐन हंगाम. निम्मा ऊस रानात उभा, निम्मा तुटलेला! रडारला दिसली ती काही सगळीकडे माती नव्हे.

इकडे उसाचे मरण फुटाफुटावर ठरते. आदल्या वर्षीचा आडसाली ऊस ऑगस्टमध्ये डोक्याच्या वर गेलेला असतो. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर तग धरतो. पोंग्यात गाळ शिरला की कुजायला लागतो. यंदाची जुलैची लागण मात्र दोन फूट पाण्यात दिसेनाशी होते. एकाच चौकोनात या दोन्ही पट्ट्या असल्या आणि बहुमताने 'जुना ऊस' असे लिहिले गेले, तर गणित सांगणार 'नुकसान थोडे', आणि लागणवाला बसणार कपाळाला हात लावून. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते त्या पट्ट्यात पाणी चढते तेवढ्या लवकर उतरत नाही, हे आपण भोगले आहे. (आलमट्टीचा वाद मी इथे उकरत नाही. तो चालू राहील.)

त्याहून वाईट गत बांधांची, ओढ्यांची आणि मोऱ्यांची. तीन मीटर रुंदीचा ओढा ३० मीटरच्या चौकोनात सरासरीने बुजून जातो. रस्त्याचा भराव सहा फूट उंच असला तरी चौकोनाच्या सरासरीत तो फूटभर उरतो, आणि गणितातले पाणी त्यावरून आरामात पलीकडे जाते. प्रत्यक्षात ते भरावाला तुंबून वरच्या शिवारात आठवडाभर उभे असते. उलट, भराव नीट घातला पण खालची मोरी घालायची राहिली, तर पाण्याला वाटच राहत नाही. म्हणून ओढा, पाट, भराव यांच्या रेषा जाळीत वेगळ्या कोराव्या लागतात.

त्यातही एक खोच आहे. बुद्धिबळात हत्ती सरळच चालतो, राजा तिरकाही चालतो. काही कार्यक्रमांत पाणी हत्तीसारखे चार बाजूंनीच जाते, काहींत राजासारखे कोपऱ्यातूनही जाते. तिरका ओढा जाळीत कोरला आणि त्याचे चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्याला शिवले, तर हत्तीच्या चालीत पाणी पहिल्याच वळणावर अडते. तिरका बांध तसाच कोरला तर राजाच्या चालीत तो प्रत्येक कोपऱ्याला गळतो. नकाशा पाहणाऱ्याला ओढा सलग दिसतो, बांधही सलग दिसतो. पाणी मात्र दुसरेच काही करत असते. हे तपासायला पदवी लागत नाही. नकाशा मोठा करून चौकोन कडेला कडा लावून आहेत का, एवढे पाहायचे.

कोणी म्हणेल, चौकोनच लहान करा, कटकट मिटली. तेही पाहू. कार्यक्षेत्र २० किलोमीटर बाय २० किलोमीटर धरले तर ३० मीटरचे चौकोन होतात साडेचार लाखांच्या आत, १० मीटरचे ४० लाख आणि एक मीटरचे ४० कोटी. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात. शिवाय पाण्याने एका टप्प्यात चौकोन ओलांडून उडी मारू नये म्हणून वेळेचा टप्पाही निम्मा करावा लागतो. म्हणजे काम आठपट. ३० वरून १० वर यायचे तर सत्तावीसपट. आणि उंचीच जर ३० मीटरवर मोजलेली असेल तर चौकोन बारीक करून नवी माहिती येत नाही. भाकरीचे तुकडे जास्त केले म्हणून पीठ वाढत नाही.

माझ्या मते वाट दुसरी आहे, आणि ती आपल्याला नवी नाही. सात-बारावर सामाईक गटात आणे-पैचे हिस्से आपण पिढ्यान् पिढ्या वाचत आलो. तसेच चौकोनाचे करावे. १० मीटरच्या चौकोनात एक मीटरचे १०० लहान चौकोन बसतात. रुपयाचे जसे १०० पैसे. हद्दीवरून ते १०० लहान चौकोन वाटून द्यावेत आणि मोठ्या चौकोनापुढे लिहावे: या गटाचे ६२ पैसे, त्या गटाचे ३०, पाटाचे ८. पुराचे गणित मोठ्या चौकोनावरच चालू द्यावे, ते जड होणार नाही. उत्तर आले की त्या त्या चौकोनातले पाणी पैशांच्या हिश्शाने गटांना वाटावे. आपली ११ मीटरची पट्टी मग कुठल्याही जाळीत, जाळी कशीही सरकली तरी, २० आरच राहते. ही वाटणी हद्दी बदलल्या तरच पुन्हा करायची, दर पुराला नव्हे. उंचीच्या बाबतीतही असाच विचार जगात झालेला आहे. अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाचा 'हेक-रास' हा फुकट मिळणारा कार्यक्रम मोठा चौकोन वापरतो, पण त्या चौकोनाच्या पोटातील बारीक चढउतार लक्षात ठेवतो, आणि भरावाच्या रेषेवर चौकोनाची कडा आणून बसवता येते. अर्थात बारीक चढउतार आधी कोणीतरी मोजलेले हवेत.

पैशांच्या हिश्शानेही एक दोष जात नाही. मूळ हद्दच चुकीची असेल तर हिस्साही चुकीचाच. मोबाइलवर घेतलेला कोपरा चार-पाच मीटर इकडे तिकडे पडू शकतो, झाडाखाली त्याहून जास्त. ११ मीटरच्या पट्टीत पाच मीटर म्हणजे निम्मे रान. म्हणून अरुंद पट्ट्यांचे कोपरे एकदाच घेऊन भागणार नाही. शेजारच्या दोन्ही सभासदांना बांधावर उभे करून घ्यावेत, आणि गटाच्या मोजणी नकाशाशी ताडून पाहावेत. याला वेळ लागेल. शेतकी विभागाची माणसे आधीच कमी आहेत, हेही मला ठाऊक आहे.

तरी वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एवढे मांडणार आहे. जाळीवरून निघालेला आकडा एकूण अंदाजासाठी वापरावा. पण त्याच्या आधारावर कोणा सभासदाची नोंद कमी करू नये, तोडणीची पाळी बदलू नये, की नुकसानीचा अर्ज नाकारू नये. त्यासाठी हद्दीचा मूळ नकाशा आणि प्रत्यक्ष पाहणी हेच प्रमाण मानावे, आणि जाळी झाली म्हणून मूळ हद्दी संगणकातून काढून टाकू नयेत. जाळीवरून हद्द पुन्हा काढता येत नाही, पायऱ्यापायऱ्यांची काहीतरी आकृती मिळते. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात चौकोनाचे माप, वाटणीचा नियम, उंची कोणत्या साली मोजली आणि हद्दी कधी घेतल्या, हे मराठीत छापावे. बाहेरच्या संस्थेकडून काम करून घेतले तर हीच अट करारात घालावी.

ओढे आणि मोऱ्यांचे काम मात्र सभेच्या ठरावाने होणारे नाही, ते आपले आपणच करायचे. कोणती मोरी गाळाने बुजली, कोणता ओढा कोणी नांगरून घेतला, २०१९ ला कुठल्या भरावावरून पाणी पडले आणि २०२१ ला कुठे तुंबले, हे उपग्रहाला दिसत नाही आणि आपल्याला अंधारातही सांगता येते. गावोगावच्या जुन्या सभासदांनी एक शिवारफेरी काढावी, तरुण पोरांनी सोबत मोबाइल घेऊन प्रत्येक मोरीपाशी खूण करावी, रुंदी-उंची टेपने मोजावी. पाणी कुठवर चढले होते त्याची खूण ज्यांच्या भिंतीवर अजून असेल त्यांनी ती पुसण्याआधी जमिनीपासून मोजून ठेवावी. गणित खरे की खोटे हे तपासायला त्याच्याइतका चांगला पुरावा नाही. ही यादी आपापल्या गट कार्यालयात मे अखेर द्यावी, म्हणजे पहिला पाऊस पडायच्या आत ती जाळीत कोरता येईल.

— एक सभासद